बद्द

टाकसाळीचं पाकीट फोडून प्रमिलानं कागद उलगडला, आणि मजकुराच्या आधी तिला नवऱ्याचं नाव दिसलं. गिरधर बी. विसपुते. इंग्रजीत, टाइप केलेलं, ओळीच्या मधोमध. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात तिनं ते नाव एकदा घेतलं होतं. त्यानंतर ते कधी तिच्या तोंडून निघालं नव्हतं. घरात ‘अहो’, शेजारणींपाशी ‘आमच्याकडचे’, आणि इथं कचेरीत, जिथं दोघं एकाच दालनात बसत, तिथं इतर सगळ्यांसारखं ‘पोतदार’. आणि मुंबईतल्या कुणा अनोळखी टाइपिस्टनं ते असं सहज, बोटं आपटून कागदावर टाकलं होतं. परक्या माणसानं भर बाजारात आपल्या नवऱ्याला एकेरी हाक मारावी तसं तिला झालं. मग तिनं मजकूर वाचला. राजाच्या मुखवट्याच्या जुन्या अधेल्या, म्हणजे अर्ध्या रुपयाची नाणी, इथून थैल्यांत भरून वितळवण्यासाठी टाकसाळीकडे गेल्या होत्या. त्या थैल्यांत खोटी नाणी निघाली होती, एखाददुसरं नव्हे, मुठी भरतील इतकी. थैल्यांवरची लाखेची मोहोर शाबूत होती. आत तपासणाराची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर सही होती. तरी संबंधित इसमाचा लेखी खुलासा मागवून आपल्या अभिप्रायासह पाठवण्याची कृपा व्हावी. शेवटी नेहमीचं, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. प्रमिलानं मान वर केली. दालनाच्या त्या टोकाला, लोखंडी गजांच्या मागे, गिरधर मांडी घालून बसला होता आणि समोरच्या काळ्या दगडावर एकेक नाणं टाकत होता. टण्. टण्. टण्. खजिन्यात आलेलं नाणं खरं की खोटं हे ठरवणं एवढंच पोतदाराचं काम. त्याचा बाप हेच करत होता, आजाही. नाणं दगडावर पडलं की गिरधर मान किंचित तिरकी करी, डोळे मिटी, आणि बोटानं ते उजवीकडे किंवा डावीकडे सारी. आताही त्यानं डोळे मिटलेले होते. दगडावर एक नाणं पडलं आणि त्याचा आवाज टण् असा आला नाही, ओल्या लाकडावर चापट मारावी तसा आला. बद्द. गिरधरनं ते उजवीकडे सारलं, खऱ्यांत.

तिनं ते ऐकलं. गेली दोन वर्षं ती ते ऐकत होती.

टाकसाळीची पत्रं तिला आवडत. हे ती कुणाला सांगू शकली नसती, आणि सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तिचे वडील धुळ्याला कारकून होते. पांझरेच्या काठी दोन खोल्यांत त्यांनी पोरीला मॅट्रिक केलं, पण तिथं शिकलेलं इंग्रजी कवितेचं आणि व्याकरणाचं होतं. कचेरीचं इंग्रजी ती इथं येऊन शिकली. खानदेश एकच जिल्हा होता तेव्हाची काही दप्तरं धुळ्याहून इकडे आली होती, लाल फडक्यांत बांधलेली, आणि त्यांत राणीच्या काळातला टाकसाळीशी झालेला पत्रव्यवहार होता. ती नवी असताना हेडक्लार्क तोतारामनानांनी तिच्यापुढे ते गाठोडं सोडून टाकलं. म्हणाले, “बाई, मसुदा कसा करायचा ते मला विचारू नका. हे वाचा. साहेबलोक गेले, पण कागद अजून याच बोलीत बोलतो.” ती मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून वाचायची. किती थैल्या रवाना केल्या, बैलगाड्यांना वाटेत पूर कुठे लागला, वजनात घट का आली, कुठल्या कलेक्टरानं उत्तर द्यायला उशीर केला. टाकसाळीचा मुख्य अधिकारी कलेक्टराची खरडपट्टी काढत असे आणि त्यात एकही शब्द चढा नसे. मला हे कळवण्याचा मान आहे. मला हे निदर्शनास आणावे लागत आहे याबद्दल दिलगिरी आहे. त्या काळातल्या एका पोतदाराचं प्रकरणही होतं. त्यालाही खोट्या नाण्यांवरून काढलं होतं. त्यानं मोडीत अर्ज केले होते, अंगठे उमटवले होते, आणि त्याला गेलेली उत्तरं दर खेपेला आखूड होत गेली होती. शेवटचं एका ओळीचं होतं. या कचेरीला अधिक काही सांगावयाचे नाही. त्या ओळीनं ती थक्क झाली होती. एका माणसाला इतक्या शांतपणे संपवता येतं? ती ज्या घरात राहत होती तिथं मीठ कमी पडलं तरी आवाज रस्त्यापर्यंत जाई. न ओरडता, हात न उगारता, कपाळाला आठीसुद्धा न घालता बोलणाऱ्या माणसांची ती भाषा तिला एखाद्या थंड, सारवलेल्या ओसरीसारखी वाटली, आणि ती तिथं जाऊन बसू लागली.

गिरधरचा आवाज मोठा होता आणि कान बारीक. बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि ती बोलली तसा मान तिरकी करून डोळे मिटले. मग आपल्या मामाला म्हणाला, “आवाज जरा बद्द आहे. पण चालंल.” सगळे हसले. तीही हसली, कारण वडील हसले होते. लग्नात दिलेली चांदीची भांडी त्यानं मांडवातच एकेक करून नखानं वाजवून पाहिली. ताट, तांब्या, फुलपात्र, वाट्या. एका वाटीवर तो थांबला, पुन्हा वाजवली, आणि ती वाटी वडिलांपुढे सरकवली. वडिलांनी ती उपरण्याखाली घेतली आणि भर दुपारी सराफाकडे जाऊन बदलून आणली. परत आले तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि ते न जेवताच पाहुण्यांना विडे देत फिरत होते. पुढे तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी तो खुशीत होता. तिला भिंतीला टेकून बसवून त्यानं तिच्या पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि हसत म्हणाला, “बद्द वाजतंय गं.” मूल मेलेलं जन्मलं. त्या दिवशी तो दाराबाहेर उकिडवा बसून रडला. शेजारणींनी तिला येऊन सांगितलं की, पाहा, किती जीव आहे पोतदारांचा. तो रडला हे खरं होतं. त्यानं पोटावर टकटक केली तेही खरं होतं. ही दोन नाणी कशी वाजवून पाहायची हे तिला कधी कळलं नाही. तिनं दोन्ही जपून ठेवली. पुढे कचेरीत टाइपिस्टची जागा निघाली तेव्हा त्यानंच साहेबांपुढे तिचं नाव काढलं. बायको इंग्रजी टाइप करते म्हणून चारचौघांत फुशारकी मारली, आणि पगार झाला की तिच्या हातातून घेऊन तिच्याच समोर वाजवून पाहू लागला.

कान कमी होत असल्याचं तिला कळलं ते जिनाच्या भोंग्यावरून. कापसाच्या जिनात सकाळचा भोंगा झाला की गिरधर खिशातलं घड्याळ काढून जुळवी. वर्षानुवर्षांची सवय. एका सकाळी तो तिच्याकडे पाठ करून ओट्यावर दात घासत बसला होता, भोंगा झाला, आणि त्याचा हात खिशाकडे गेला नाही. “भोंगा झाला,” ती म्हणाली. तो घासतच राहिला. ती तव्यापाशी बसली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फुगत होती. का कोण जाणे, आणखी हळू आवाजात ती म्हणाली, “मेल्या.” म्हटल्याबरोबर तिचं काळीज असं उडालं की भाकरी उलटायची राहिली. तो वळला. चूळ भरली. म्हणाला, “ठेचा आहे का कालचा?” बस, एवढंच. करपलेल्या भाकरीचा वास घरभर पसरला, आणि प्रमिला त्या वासात उभी राहून लहानपणी चिंच चोरून खाताना यायचा तसा एक आंबट आनंद तोंडात घोळवत राहिली.

मग ते रोजचं झालं. तो पाठमोरा असला की ती बोलायची. आधी शिव्या, तिला येत होत्या तेवढ्या, आणि त्या लवकर संपल्या. मग गोष्टी. मांडवातली वाटी. उपरण्याखालचा वडिलांचा हात. मूल. मुलाचं नाव काय ठेवणार होती ते. भांडी घासता घासता, केळी सोलता सोलता, एका संथ, सपाट आवाजात, त्या दप्तरातल्या पत्रांच्या आवाजात ती सांगत राहायची. त्या दोन वर्षांत ती नवऱ्याशी जितकं बोलली तितकं आधी कधी बोलली नव्हती. शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली हो तुमची. गिरधरला कळलं नव्हतं असं नाही. तो बोलणाराच्या तोंडाकडे बघायला लागला होता. लोक हल्ली पुटपुटतात म्हणून चिडायला लागला होता. पण पोतदाराचा कान गेला हे त्यानं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि ज्या एका माणसाला ते ठाऊक होतं त्या माणसाला ते हवं होतं.

कचेरीत मात्र तिला पहिल्यांदा भीती वाटली ती झुंबरबाईच्या वेळी. धरणगावकडची म्हातारी, चलान भरायला आली होती, पदराच्या गाठीतून एकेक नाणं काढून देत होती. गिरधरनं अधेली दगडावर टाकली. ती इतकी स्वच्छ वाजली की दालनाच्या दुसऱ्या टोकाला टाइप करणाऱ्या प्रमिलाची बोटं थांबली. देवळातली लहान घंटा वाजावी तशी. गिरधरनं मान तिरकी केली, पुन्हा टाकली, आणि म्हणाला, “खोटी.” म्हातारीनं गज धरले. “खरी शे भाऊ ती! मना आंडोरनी दिन्ही शे.” पोरानं दिलेली, खोटी कशी असेल, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. गिरधर ओरडला, “पोरानं दिली म्हणून सरकार घेणार आहे का?” खोटं नाणं पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून ते तिथंच कापायचं असा नियम. त्यानं कातर घेतली. अधेलीचे दोन तुकडे झाले. त्यानं ते गजांतून म्हातारीच्या तळहातावर ठेवले. ती रडली नाही. तिनं ते दोन तुकडे एकमेकांना लावून धरले आणि आजूबाजूच्या माणसांच्या तोंडाकडे, मग टाइपरायटरपाशी बसलेल्या एकुलत्या एका बाईकडे पाहिलं. प्रमिलानं मान खाली घातली. अर्धवट राहिलेला शब्द होता ‘अॅकनॉलेज’. तो तिनं पुरा केला. तेव्हापासून तिला दगडाकडे कान लावायची सवय लागली. बद्द वाजलेलं नाणं खऱ्यांत गेलं की आपण पोटाशी दडवून ठेवलेलं काही तरी आणखी जड झालं असं तिला वाटे. कुणाला सांगावं असं एकदाही वाटलं नाही.

आणि आता हा कागद. ती उठली आणि तो तोतारामनानांच्या टेबलावर ठेवून आली. नानांनी वाचला, चष्मा काढला, परत वाचला, आणि तो घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. दुपारी साहेबांनी गिरधरला बोलावलं. आत काय झालं ते सगळ्या कचेरीला कळलं, कारण गिरधर ओरडत होता. “साहेब, टाकसाळीत आता भरलेत ते पोरटे! माझ्या बापानं या दगडावर जन्म घालवला. माझा कान चुकणार नाही!” साहेबांचा आवाज ऐकू येत नव्हता. ते हळू बोलत असावेत, आणि त्यामुळे गिरधर मध्येच भलतीच उत्तरं देत होता. नाना बाहेर आले ते थेट प्रमिलापाशी. खुर्ची ओढून बसले. असोद्याचे शेतकरी घरातले, आवाज मुळातच खालचा.

“बाई, पोतदाराला ऐकू कमी येतं. हो ना?”

तिनं टाइपरायटरमधला कागद सरळ केला.

“मला आज आत कळलं. तुम्हाला केव्हाचं ठाऊक असंल. त्यात लाज कसली? माझ्या आबांचे दोन्ही कान गेले होते. हे पाहा, खुलासा त्यांनी मराठीत सांगायचा आणि तुम्हीच इंग्रजी करणार. त्यात एवढीच एक ओळ घाला, की कानाच्या व्याधीमुळे चूक झाली. सिव्हिल सर्जनचा दाखला जोडू. मग प्रकृतीच्या कारणावर घरी बसवतील. पेन्शन मिळंल, थोडकं का होईना. नाव राहील. ती ओळ नसली, तर ते नाणी बदलत होते असं कोणीही म्हणंल. बडतर्फ करतील, बाई.”

“त्यांनी सांगायला हवं,” ती म्हणाली.

“ते जन्मात सांगणार नाहीत. तुम्ही विचारा. रात्रंदिवस घरात असता. नुसतं हो म्हटले तरी पुरे, बाकी मी पाहतो.”

“विचारीन,” ती म्हणाली. नाना उठले. जाताना त्यांनी आपल्या लेकीच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात टाइपरायटरवरून फिरवला.

रविवारी सकाळी गिरधरनं खुलासा सांगितला. खोलीत येरझारा घालत, एकेक वाक्य तीनतीनदा, आणि ती पाटावर बसून लिहून घेत होती. नाणेपरीक्षेचे काम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझ्या हातून खोटे नाणे जाणे शक्य नाही. टाकसाळीने आपल्याकडील माणसे तपासावी. “लिहिलंस? तपासावी असं लिही, जोरात.” जोरात कसं लिहायचं असतं, तिनं मनात म्हटलं. सांगून झालं तसा तो शांत झाला, जणू खटला जिंकलाच. मग स्टूल घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला चढला. तिच्याकडे पाठ होती. सदऱ्याच्या कॉलरमधून मानेचे मागचे दोन मणके दिसत होते आणि मधली खळी घामानं ओली होती. त्या मानेकडे बघताना तिला एकदम वाटलं, आता उठावं, पुढे जावं, याला खाली उतरवावं, समोर बसवावं आणि कानात ओरडून सांगावं. ओरडणं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्याला तोंड झाकून घ्यावं लागेल, तो हात उगारील, मग रडेल, बाहेर उकिडवा बसेल, आणि शेजारणी येऊन सांगतील की किती जीव आहे. आणि मग दोघं पेन्शनीवर जगतील. तो घरी बसलेला, सगळ्यांनी कीव केलेला, कान गेलेला बिचारा माणूस, आणि त्याच्याशी सगळे मोठ्यानं बोलतात, तीही. हळू आवाजात बोलायला मग तिला जागा कुठे उरणार? असा विचार तिनं केला, की तिच्यात तो आपोआप झाला, हे तिला नंतर कधीही सांगता आलं नसतं. ती जागची हलली नाही. पाटावर बसल्या बसल्या, रोजच्या त्या सपाट आवाजात तिनं विचारलं, “कानाच्या व्याधीमुळे चूक झाली, असं लिहू का?”

गिरधरनं चावी काढली आणि घड्याळाला कान लावला. घड्याळ चालू होतं. लंबक हलत होता, टकटक खोलीभर ऐकू येत होती. तो कान लावून राहिला, डोळे मिटून, बराच वेळ. मग मान हलवली आणि स्वतःशीच म्हणाला, “नाही.” आणि थोड्या वेळानं, “बंद पडलंय.”

तिनं वही मिटली. विचारायचं होतं ते विचारलं होतं.

सोमवारी नानांनी नजरेनंच विचारलं आणि तिनं मान हलवून नाही सांगितलं. साहेब भला माणूस होता. म्हणाले, “प्रमिलाबाई, हे प्रकरण दुसऱ्या कुणाला टाइप करायला देऊ का? तुम्हाला त्रास.” “नको साहेब,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या फार चुका होतात.” तिनं खुलाशाचं इंग्रजी केलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. सगळा उद्धटपणा जिथल्या तिथं ठेवला, फक्त त्याला सुती कपडे घातले. त्यामुळे तो आणखीच उघडा दिसला. सोबतच्या पत्रात कचेरीचा अभिप्राय घालायचा होता. साहेब टाक हातात धरून बसले, नानांकडे पाहिलं, नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. “काय लिहावं?” साहेब म्हणाले. “शिफारस करावी तर कशावर?” तेव्हा प्रमिला हळूच म्हणाली, “जुन्या पत्रांत एक वाक्य आहे साहेब. या कचेरीला अधिक काही सांगावयाचे नाही.” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. “अगदी योग्य,” म्हणाले. नानांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून ते तिच्याशी कामाशिवाय बोलले नाहीत. तिनं कार्बन घालून चार प्रती काढल्या. वरच्या प्रतीत नवऱ्याचं नाव काळंकुळकुळीत होतं, दुसरीत निळसर, तिसरीत पुसट, आणि शेवटच्या पातळ कागदावर ते नुसतं दाबल्याच्या खुणेसारखं राहिलं होतं, बोट फिरवलं तरच कळणारं.

उन्हाळ्याच्या तोंडाला हुकूम आला. अक्षम्य निष्काळजीपणा, हेतूबद्दल संशयास जागा, सबब बडतर्फ. त्याची प्रतही तिनंच टाइप केली. हिलाल शिपाई ती घेऊन गजांपाशी गेला आणि गिरधरनं ती उलटी धरली, सुलटी केली, आणि दालनाच्या या टोकाला ओरडून विचारलं, “काय लिहिलंय गं?” सगळ्यांसमोर. तिला जागेवरून ओरडूनच सांगावं लागलं असतं. ती उठून त्याच्यापाशी गेली, तोंडासमोर उभी राहिली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, “काढलं.” त्याला ते तिच्या ओठांवरून लगेच समजलं. त्यानं दगडावरची नाणी गोळा केली, उजवीकडची उजव्या थैलीत, डावीकडची डाव्या, दगड फडक्यानं पुसला, आणि टोपी घातली. दारापर्यंत जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. बोललं असतं तर त्याला ऐकू आलं नसतं.

नंतर त्यानं अर्ज केले. ती लिहून देई, तो सही करी, उत्तरं येत आणि दर खेपेला आखूड होत. मग त्यानं अर्ज सोडले. पुढच्या वर्षी उरलेसुरले कानही गेले. बाहेर लोक म्हणत की पोतदारानं नाणी बदलून माया केली, म्हणून तर बायकोला नोकरीत ठेवून स्वतः घरी बसला. किराणा दुकानदार चंपालाल त्याच्याकडून नाणं घेताना मुद्दाम फळीवर वाजवून पाही आणि गिऱ्हाइकांकडे बघून डोळा घाली. गिरधर ते पाही. बाहेर जाणं बंद झालं. तो घरात धान्य निवडू लागला, डाळ शिजत घालू लागला, तिचं लुगडं वाळत टाकू लागला. प्रमिला कायम झाली, पगार वाढला, आणि तो आता ती स्वतःच्या पेटीत ठेवू लागली. त्यानं मागितला नाही. ती संध्याकाळी आल्यावर पाठमोऱ्या त्याच्याशी बोलायला जाई, पण बोलण्यात आता चव नव्हती. भिंतीशी बोलायला हळू आवाज कशाला लागतो? मोठ्यानं बोललं तरी चालत होतं, म्हणून ती बोलेनाशी झाली.

आणि मग तो बोलायला लागला. आधी तिला वाटलं तिला हाक मारतोय. चुलीपाशी बसला होता, तांदूळ धूत. “डाळ भिजली,” तो म्हणाला. “हिला आज उशीर. पायरीवर चपला नाहीत अजून.” चपला पायात घालूनच ती दारात उभी होती. तो तिच्याकडे पाठ करून बसला होता, आणि त्याचा आवाज, तो रस्त्यापर्यंत जाणारा आवाज, बारीक, घोगरा, नीट स्पष्ट येत होता. तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं आपण मनात बोलतो की तोंडानं, हे त्याला कळेनासं झालं होतं. तो विचार करत होता आणि ते तिला ऐकू येत होतं. ती चपला न वाजवता आत आली. त्याला काय, वाजल्या असत्या तरी. पण ती न वाजवता आली.

ती ऐकू लागली. तिला वाटलं होतं शिव्या असतील. शिव्या ऐकायला ती तयार होती, तिला त्या हव्याही होत्या. शिव्या नव्हत्या. “भांडं हळू ठेव. आदळलं तर हिला राग येईल.” “आज कपाळाला आठी आहे. काही मागू नको. मीठ कमी आहे, असू दे, खा.” “दूध हिला ठेव, थोडं. नाही तर बोलेल. बोलत नाही ती, नुसती बघते.” पाठमोरा बसून, खांदे आत ओढून, एकेक भांडं दोन्ही हातांनी उचलून ठेवत तो हे बोले आणि ती आली असं दिसलं की वळून मोठ्यानं, हसून म्हणे, “आलीस? बस. वाढतो.” त्या घाबरट, हिशेबी बोलण्यातला शब्द न् शब्द तिच्या ओळखीचा होता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिच्या डोक्यात हेच चाले, याच शब्दांत. सुरुवातीला तिला बरं वाटलं. मग एके दिवशी ताट पुढ्यात ओढताना तिच्या लक्षात आलं, आपण मुद्दाम कपाळाला आठी घालतो आहोत, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थांबतो आहोत.

पौषातल्या एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, तो खिडकीपाशी तुरी निवडत बसला होता. ती मागे, पाटावर, केस विंचरत होती. बऱ्याच वेळानं तो बोलला.

“हिला ठाऊक होतं. आधीपासूनच ठाऊक असणार. बायकोला कळणार नाही का?” सुपातले खडे त्यानं बाजूला केले. “नाना तिच्याशी बोलत बसलेले मी पाहिले होते. मला वाटलं, आता विचारील घरी येऊन. वाट बघत होतो. आपण होऊन कसं सांगायचं, जीभ उचलत नव्हती. एकदा विचारायचं होतं हिनं. हो म्हटलं असतं. लाज वाटली असती, ओरडलो असतो, पण हो म्हटलं असतं मी. हिनं विचारलंच नाही.”

प्रमिलाच्या हातातली फणी केसांत तशीच राहिली. ओठांवर शब्द आले, ‘विचारलं होतं’, आणि ते कुठल्या आवाजात आले होते हे तिला कळलं, म्हणून ती ते बोलली नाही. ती उठली. त्याच्या समोर जाऊन, खिडकीच्या उजेडात, तिचे ओठ त्याला नीट दिसतील अशी बसली. त्यानं दचकून वर पाहिलं. सूप थोडं मागे ओढलं. तिच्या तोंडाकडे तो लहान मुलासारखा बघत राहिला, काय निघतंय त्याची वाट बघत. त्याचे डोळे पिवळट झाले होते, आणि ती पुढ्यात एवढी जवळ येऊन बसली याचा काय अर्थ लावावा हे त्यांना कळत नव्हतं.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. सांगता आलं असतं. एकेक शब्द वेगळा करून सांगितला असता तर त्याला ओठांवरून सगळं कळलं असतं, कधी विचारलं, कुठे बसून, कसल्या आवाजात.

“चहा करू का?” तिनं ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

“कर,” तो म्हणाला. मोठ्यानं, हसून. मग ती उठून चुलीकडे वळली तशी तिच्या पाठीमागे तो हलकेच म्हणाला, “रागावलेली नाही आज.”